पहाटेच्या थंडीत खाडीवर गरवायला जाताना : काय घालायचं, कोणत्या क्रमानं आणि केव्हा

डिसेंबर-जानेवारीत ठाणे-नवी मुंबईत कोपरी, ऐरोली, वाशी, सारसोळे, दिवाळे, गायमुख अशा कुठल्याही काठावर पहाटे जा, जाड हुडी घालून गळ टाकून बसलेली माणसं कुडकुडताना दिसतील. मासा लागायची खरी वेळ येते आणि नेमकी तेव्हाच ती सामान आवरून चहाची टपरी गाठतात. अंगावर कपडे कमी असतात असं नाही. पण कापड चुकलेलं असतं, घालायचा क्रम चुकलेला असतो, आणि सगळ्यात जास्त चुकलेली असते ती घालायची वेळ.

ठाण्यात हिवाळ्यातल्या बहुतेक पहाटे पारा १५ ते २० अंशांच्या मधे असतो. चालत्या माणसाला ही थंडी काहीच नाही. पण घामानं दमट झालेली बनियन, दवानं ओला झालेला जेटीचा कठडा, पाण्यावरून येणारा वारा आणि दोन-तीन तास जवळजवळ न हलता बसणं हे सगळं एकत्र आलं की तेच १७ अंश हाडात शिरतात. इथली थंडी ओलीची आणि वाऱ्याची आहे. म्हणून आधी कोरडं राहायचं, मग वारा अडवायचा आणि ऊब वाढवण्याचा विचार त्यानंतर करायचा. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबानं लावले आहेत.

टप्पा १ : आदल्या रात्री तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट वारा. हिवाळ्यात पहाटे आपल्याकडे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, म्हणजे साधारण पूर्व-ईशान्येकडून. ठाणे खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. त्यामुळे ऐरोली-घणसोली-वाशीच्या काठावर पाण्याकडे तोंड करून बसलात तर हा वारा पाठीवर आणि मानेवर येतो. कोपरी-मुलुंडच्या काठावर तोच वारा पाण्यावरून थेट छातीवर येतो. पहिल्या काठावर मान आणि कंबर झाका, दुसऱ्या काठावर छाती आणि गळा. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात आणि दिशा उलटते. पण तोवर बहुतेक जण घरी पोहोचलेले असतात.

दुसरी गोष्ट भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती साधारण दुपारी बारा-एकच्या सुमाराला भरते. म्हणजे सकाळी सहा-सातला ओहोटी सरत असते आणि पाणी चढताना गरवायचं तर तुमची बैठक थंडीत सुरू होऊन उन्हात संपते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, भरती पहाटेच भरते. मग तीन-चारला निघावं लागतं आणि संपूर्ण बैठक अंधारात, थंडीत जाते. पहिल्या वेळी कपडे सहज काढता-ठेवता येतील असे हवेत. दुसऱ्या वेळी ऊब देणारा एक थर जास्त हवा. पाणी किती वाजता चढणार हे बघूनच सगळे आमिष ठरवतात. कपडेही तेच बघून ठरवा.

तिसरी गोष्ट चालणं. गाडी लावल्यापासून बसायच्या जागेपर्यंत किती चालायचं आहे, आणि हातात किती वजन आहे? दहा मिनिटांपेक्षा जास्त चालायचं असेल तर घाम येणारच असं धरून चाला.

*तपासा :* जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो आणि सगळ्यात जास्त गारठा त्याच सुमाराला असतो. पाचला घराबाहेर पडून "आज काही विशेष थंडी नाही" असं ठरवू नका. पारा अजून उतरायचा असतो.

टप्पा २ : अंगालगतचा कपडा

सगळा डोलारा या एका कपड्यावर उभा असतो आणि नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. सुती बनियन आणि त्यावर सुती टी-शर्ट ही आपली वर्षभराची सवय. उन्हाळ्यात सूत उत्तम, कारण ते घाम धरून ठेवतं आणि तो सुकताना अंग गार करतं. हिवाळ्यात पहाटे नेमकं हेच नको असतं. घाम सुकण्यासाठी लागणारी उष्णता तुमच्याच अंगातून ओढली जाते, आणि सूत हळूहळू सुकत असल्यामुळे हे तास-दोन तास चालू राहतं.

अंगालगत पॉलिएस्टरचा ड्रायफिट टी-शर्ट घाला. क्रिकेटच्या किंवा मॅरेथॉनच्या वेळी वाटतात तोसुद्धा चालतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही. सूत हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के शोषून घेतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर उडून जातो. टी-शर्ट अंगाला बेताचा चिकटणारा हवा. ढगळ असेल तर घाम कातडीवरच राहतो. पूर्ण बाह्यांचा घ्या, कारण कांदळवनाजवळ पहाटे डास आणि चिलटं फाडून खातात.

बाजारात "थर्मल" किंवा "इनर" म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सुती असतं. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, आतल्या बाजूचं लेबल वाचा. सुती इनर घरात झोपायला छान, खाडीवर निरुपयोगी. बारीक विणीचं लोकरीचं इनर मिळालं तर ते सगळ्यात चांगलं. लोकर ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. पण ते महाग असतं आणि आपल्या थंडीसाठी त्याची गरज नाही.

खालीसुद्धा हाच नियम. जीन्स घालू नका. ती जाड दिसते म्हणून उबदार वाटते, पण ती निव्वळ सूत आहे. दवानं किंवा शिंतोड्यांनी गुडघ्याला ओली झाली की दुपारपर्यंत सुकत नाही. पॉलिएस्टरची ट्रॅक पँट घाला आणि भांगाच्या रात्री तिच्या आत एक पातळ लेगिंग घाला.

*सावध :* आतली चड्डी आणि बनियन सुती ठेवून वर ड्रायफिट घातला तर काहीही उपयोग होत नाही. कातडीला जो कपडा लागतो तोच मोजायचा.

टप्पा ३ : ऊब धरणारा थर

ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली हवा देते. त्यामुळे एक भलं जाड जॅकेट घेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. दोन थरांच्या मधे हवेचा आणखी एक थर मिळतो, आणि ऊन चढल्यावर एक काढता येतो.

एक पातळ फ्लीस (मऊ, लवदार पॉलिएस्टरचा स्वेटर) आणि त्यावर बिनबाह्यांचं जाकीट ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते. जाकिटामुळे छाती-पाठ उबदार राहते आणि खांदे मोकळे राहतात. गळ लांब फेकताना जाड बाह्या काखेत अडकतात, फेक आखूड पडते, आणि माणूस दर वेळी जोर लावून घामाघूम होतो. दुकानात जाकीट अंगावर घालून दोन्ही हात डोक्यामागे नेऊन बघा. पाठीमागून ते वर सरकून कंबर उघडी पडत असेल तर एक माप मोठं घ्या. खाली वाकून आमिष लावताना तीच उघडी कंबर वारा खाते.

घरात जुना लोकरीचा स्वेटर असेल तर नवं काही घेऊ नका. थंडीच्या सुरुवातीला फुटपाथवर स्वेटर विकणारे बसतात, त्यांच्याकडेही चालण्याजोगा माल असतो. सुती हुडी मात्र घरीच ठेवा. तिची टोपी दव पिते आणि मानेवर ओल्या फडक्यासारखी पडून राहते.

टप्पा ४ : वारा अडवणारा थर

स्वेटरच्या भोकांतून वारा आरपार जातो आणि आत साठलेली गरम हवा घेऊन जातो. म्हणून सगळ्यात बाहेर पातळ विंडचीटर हवंच. तेवढं एक घेतलं तरी अर्धी थंडी कमी होते. दोन गोष्टी बघा : पुढे गळ्यापर्यंत येणारी चेन, आणि मनगटाला आवळता येणाऱ्या बाह्या. काखेत हवा जायला फट असेल तर उत्तम.

पावसाळ्यातला प्लास्टिकचा रेनकोट वारा अडवतो पण घामही आतच कोंडतो. बसल्या जागी तो चालेल. तो घालून चालणं टाळा.

होडीतून जाणार असाल तर विंडचीटर आत आणि लाइफ जॅकेट बाहेर, हा क्रम कधीही उलटा करू नका. लाइफ जॅकेटचे पट्टे आदल्या रात्री सगळे कपडे घालूनच बेतून ठेवा. टी-शर्टवर बेतलेले पट्टे फ्लीसवर बसत नाहीत आणि मग ते उघडेच लोंबत राहतात. लाइफ जॅकेटचीही ऊब मिळते, त्यामुळे होडीत आतला एक थर कमी चालतो.

टप्पा ५ : घर ते जेटी

खाडीवर पोहोचायच्या आतच निम्मी माणसं गारठलेली असतात, कारण ती बाइकवरून येतात. पहाटे पाच वाजता पाम बीच रोडवर किंवा घोडबंदर रोडवर ताशी ५० किलोमीटरनं जाताना अंगावर जो वारा येतो तसा खाडीवर सहसा नसतो. छाती, गुडघे आणि बोटं यात पहिल्यांदा जातात.

क्रम असा ठेवा :

१. बाइकवर ड्रायफिट, फ्लीस आणि विंडचीटर हे तिन्ही घाला. विंडचीटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या सरकवा. वारा अडवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. हातमोजे आणि मानेला बफ (गळ्यात अडकवायची कापडी नळी) हवाच.

२. गाडी लावली की वर्तमानपत्र, विंडचीटर आणि फ्लीस काढून पिशवीत टाका. सामान उचलायच्या आधी काढा. चालायला लागताना थोडं गार वाटलं पाहिजे. पहिल्या मिनिटाला छान उबदार वाटत असेल तर पाचव्या मिनिटाला घाम फुटणार हे नक्की.

३. सावकाश चाला. भरती चुकेल म्हणून धावत सुटू नका. दहा मिनिटं आधी निघा.

लोकलनं येणाऱ्यांनी तर घरातून फक्त ड्रायफिट आणि शर्टवर निघावं, बाकी सगळं पिशवीत. पहिल्या गाडीतसुद्धा स्वेटर घालून उभं राहिलं की पाठ ओली होते.

टप्पा ६ : पोहोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

इथे सगळे जण एकच चूक करतात. पाणी दिसलं की हात आपोआप रॉडकडे जातो. रील बसवायचं, तंगूस (नायलॉनचा दोर) ओवायचा, गरी (गळाचा आकडा) बांधायची, कोलंबी लावायची, गळ फेकायचा आणि मग "आता जरा थंडी वाजायला लागली" म्हणून स्वेटर घालायचा. तोवर चालण्यानं आलेली उष्णता निघून गेलेली असते. स्वेटर नवी उष्णता तयार करत नाही, जी आहे ती धरून ठेवतो. अंग गरम असतानाच तो चढवायला हवा.

म्हणून आधी कपडे, मग रॉड :

१. रुमालानं नव्हे, छोट्या टॉवेलनं मान, छाती, पाठ आणि काखा पुसा.

२. टी-शर्ट दमट लागत असेल तर बदला. दुसरा कोरडा ड्रायफिट पिशवीत असलाच पाहिजे. चौघांत उघडं व्हायला संकोच वाटतो हे समजतं, पण अंधारात कुणी बघत नाही आणि अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

३. फ्लीस, जाकीट, विंडचीटर याच क्रमानं चढवा आणि चेन गळ्यापर्यंत ओढा.

४. मोजे बदला. (पुढच्या टप्प्यात सांगितलंय.)

५. आता रॉड जोडा.

*तपासा :* विंडचीटरच्या आत हात घालून पाठीला लावा. हात कोरडा आला तर सगळं बरोबर आहे. चिकट लागला तर चेन थोडी उघडी ठेवा आणि पाच मिनिटांनी परत बघा.

टप्पा ७ : पाय

खाडीच्या काठावर पायाला दोन बाजूंनी गारठा लागतो : आत घामाचा आणि खाली काँक्रीटचा.

मोजे सुती नकोत. लोकरीचे किंवा पॉलिएस्टर मिसळलेले घ्या. घरातून निघताना एक जोडी घाला आणि दुसरी कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन चला. चालून झाल्यावर बदला. यात एकही खर्च नाही आणि याचा फायदा नव्या जॅकेटपेक्षा जास्त आहे.

दोन मोजे एकावर एक घालायचे असतील तर बूट एक माप मोठा हवा. घट्ट बुटात कोंबलेल्या दोन मोज्यांनी रक्त पायाच्या बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. बोटं बुटात हलवता आली पाहिजेत.

गमबूट घालणार असाल तर लक्षात ठेवा, रबरात ऊब नसते. आत फोमची तळपट्टी घाला. जुन्या योगा मॅटमधून पावलाच्या आकाराची कापून घेतली की काम होतं. त्याच मॅटचा एक चौकोन बसायला आणि एक पायाखाली ठेवायला घ्या. दवानं भिजलेलं काँक्रीट बसल्या बसल्या अंगातली उष्णता ओढत राहतं, आणि नुसती पिशवी किंवा गोणपाट टाकून ते अडत नाही.

*सावध :* गमबूट आहेत म्हणून चिखलात उतरू नका. आपल्या खाडीचा चिखल मांडीपर्यंत घेतो, बूट आत धरून ठेवतो आणि माणूस तोल जाऊन पडतो. त्यात भरती चढत असली तर प्रसंग जिवावर येतो. कोळी बांधव चिखलात उतरतात ते त्यांना पायाखालची जमीन ठाऊक असते म्हणून. दगडांवर चालताना कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं पाय चिरतात, तिथे अनवाणी जाऊ नका. कांदळवनात आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत तर शिरूच नका.

टप्पा ८ : हात

हातांचं गणित अवघड आहे. गाठ मारायला बोटं उघडी लागतात आणि उघडी बोटं ओली होतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट टोकाशी कापलेले लोकरीचे हातमोजे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. गऱ्या मात्र घरीच बांधून ठेवा. पाच-सहा तयार दोर गुंडाळून नेले तर जेटीवर फक्त अडकवायचं काम उरतं आणि थंडीत बारीक गाठी माराव्या लागत नाहीत.

आमिष लावताना मोजे काढा. कोलंबीचं पाणी मोज्यात मुरलं की तो मोजा संपला. काढलेले मोजे कठड्यावर ठेवू नका, विंडचीटरच्या आत छातीशी ठेवा. आमिष लावल्यावर हात पाण्यानं धुतलात तर लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. हात पुसायचं फडकं आणि अंग पुसायचा टॉवेल वेगळे असू द्या.

बधिर बोटांनी गळाला लागलेला शिंगाळा मासा सोडवायला जाऊ नका. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो. तो लागतो तो बहुतेक वेळा हाताची पकड ढिली असताना. पक्कड वापरा. लागलाच काटा, तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्यानं ठणका कमी होतो. थर्मासमधलं पाणी त्यासाठी थोडं गार करून वापरा, उकळतं ओतू नका. आणि डॉक्टरकडे जा. काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

टप्पा ९ : डोकं आणि गळा

कानटोपी, बस्स. त्यावरच हेडलाइट बसवा. मफलर आवडत असेल तर दोन्ही टोकं जाकिटाच्या आत खोचा. लोंबतं टोक रीलच्या दांड्यात गुंडाळलं जातं. हुडाच्या दोऱ्यांचंही तेच.

टप्पा १० : बसल्यावर आणि ऊन वर आल्यावर

दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, जागच्या जागी पाय हलवा, खांदे फिरवा. घाम येईल इतकं नाही. थर्मासमध्ये गोड चहा ठेवा आणि सोबत खायला शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू. उपाशी माणसाला थंडी जास्त वाजते. "दोन घोट घेतले की ऊब येते" हे ऐकू नका. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, वरवर गरम वाटतं आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते. शिवाय खाली पाणी आहे.

आठ-साडेआठनंतर उलट काळजी घ्यायची. बाराच्या सुमाराला याच काठावर तिशीचं तापमान असतं. घाम यायच्या आधी एकेक थर उतरवा : पहिलं जाकीट, मग फ्लीस, शेवटी विंडचीटर. काढलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, माशांच्या थैलीशेजारी टाकू नका.

पाण्यात पडलात किंवा पुरते भिजलात तर

आधी ओलं सगळं काढा, मगच कोरडं घाला. ओल्या टी-शर्टवर कोरडं जॅकेट चढवून काही साधत नाही, कारण पाणी हवेच्या वीसपट-पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. डोकं झाका, वाऱ्याच्या आड जा, गरम गोड प्या. कापरं थांबत नसेल, बोलणं जड होत असेल, साधी चेन लावता येत नसेल तर गळ तिथेच सोडा आणि त्या माणसाला दवाखान्यात न्या. त्याला बाइक चालवू देऊ नका. मधुमेह असलेल्यांना पायाची संवेदना कमी असू शकते. त्यांनी मोजे बदलताना पाऊल डोळ्यांनी तपासावं.

घाटावरच्या धरणांवर जाणार असाल तर

भंडारदरा, मुळशी, पवना अशा ठिकाणी जानेवारीच्या रात्री पारा एक आकडी होऊ शकतो. क्रम हाच, फक्त फ्लीस दोन, आतून पूर्ण थर्मल पँट आणि बसायला दुप्पट जाड मॅट. तलावाचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी आधी काढा.

घरी आल्यावर

सगळे कपडे त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून काढा, अगदी न भिजलेले सुद्धा. खाडीच्या हवेतलं मीठ कापडात राहतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पुढच्या वेळी कोरडा म्हणून घातलेला फ्लीस पहाटे दमट लागतो. ड्रायफिट धुताना कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरायचा बंद होतो. विंडचीटर सावलीत उलटं करून वाळवा. तळपट्ट्या बुटातून बाहेर काढून ठेवा.